बर्म, जंप आणि बेळगावचा पाऊस

हस्ताचा पाऊस ओसरतो, शेतातले भात पिवळे पडू लागते आणि खंडेनवमीला घरोघरी अवजारांची पूजा होते, तेव्हा आमच्या माउंटन बाइक ट्रेलच्या डागडुजीचा हंगाम सुरू होतो. बेळगावच्या पश्चिमेला, जांबोटीकडे आणि चंदगडकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या दरम्यान जो डोंगराळ पट्टा आहे, त्यातल्या एका गावाच्या गायरानातून आणि त्याला लागून असलेल्या एका शेतकऱ्याच्या पडीक माळावरून हा ट्रेल जातो. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आमची इथली वहिवाट कागदावरच्या परवानगीपेक्षा गावकऱ्यांच्या चांगुलपणावर अधिक टिकून आहे, आणि नाव सर्वतोमुखी झाल्यावर रविवारी शहरातून गाड्या भरून येणाऱ्या माणसांचा भार त्या चांगुलपणाला पेलवेल असे मला वाटत नाही.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डोंगरउतारावर सायकलसाठी राखलेल्या अरुंद वाटेवर काही ठिकाणी मुद्दाम रचना केलेल्या असतात. वळणाच्या बाहेरच्या बाजूला मातीचा, आत कललेला कठडा घालतात तो बर्म. उडी घेण्यासाठी चढ, वर सपाट माथा आणि पलीकडे उतार अशी बांधणी असते तो टेबलटॉप. पायरीसारखा तुटलेला दगडी कडा असतो तो ड्रॉप. आणि ओघळ किंवा पाणथळ जागा ओलांडण्यासाठी आडव्या फळ्यांचा जो पूल असतो त्याला लॅडर ब्रिज म्हणतात. या सगळ्यांना मिळून आम्ही सरसकट फीचर म्हणतो. फीचर बांधायला उत्साही मुले मिळतात, त्यासाठी दोन-तीन रविवार पुरतात आणि फोटोही चांगले येतात. त्यानंतर दर पावसाळ्यात त्याची जी दुर्दशा होते ती निस्तरायला मात्र हात कमी पडतात. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की जेवढ्या फीचरांची निगा आपल्याच्याने राखवते तेवढीच उभी ठेवावीत, बाकीची आपल्या हाताने उतरवावीत, आणि जी ठेवायची ती शक्यतो इथल्या मातीत आणि जांभ्या दगडात असावीत.

हे मत बनण्याचे मुख्य कारण आमचा पाऊस. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पन्नासएक किलोमीटरच्या आत असलेल्या कणकुंबीला, जिथे मलप्रभेचा उगम आहे, त्याच्या कितीतरी पट पडतो. आणि याच जिल्ह्यात पूर्वेला अथणीकडे गेले तर तो पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. आमचा ट्रेल पश्चिमेच्या बाजूला असल्यामुळे मृग नक्षत्र लागल्यापासून भाद्रपद संपेपर्यंत तो जवळजवळ अखंड भिजत असतो, आणि पुढे फाल्गुन-चैत्रात तीच तांबडी माती इतकी वाळते की टायरखाली तिचा फुफाटा होतो. एकच मातीकाम वर्षातून एकदा पूर्ण भिजते आणि एकदा पूर्ण सुकते. परदेशातल्या व्हिडिओत दिसणारी बांधणी जशीच्या तशी इथे उतरवणाऱ्याला या दोन टोकांचा अंदाज नसतो.

निगा म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फावड्याने बर्म नीट करणारा माणूस येतो. प्रत्यक्षात बहुतेक काम पाण्याचे असते आणि ते फीचरच्या दहा-वीस पावले वरच्या अंगाला असते. ट्रेल बांधणाऱ्यांचा जगभर मान्य असलेला एक ठोकताळा आहे, जो १९८८ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या इंटरनॅशनल माउंटन बाइसिकलिंग असोसिएशनने विशेष रुजवला: डोंगराला जेवढा उतार असेल त्याच्या निम्म्याहून अधिक उतार वाटेला देऊ नये. डोंगर २० टक्क्यांचा असेल तर वाट १० टक्क्यांच्या आत हवी. हा हिशोब चुकला की डोंगरावरून येणारे पाणी वाट ओलांडून खाली जात नाही, ते वाटेतूनच धावू लागते. आपल्याकडच्या माळांची खोड अशी की ते दिसायला सौम्य असतात. सहा-सात टक्क्यांच्या माळावर पाच टक्क्यांची वाट काढली तर चालवणाऱ्याला ती सपाट भासते, पण पाण्याच्या दृष्टीने तो चर असतो, आणि दोन पावसाळ्यांत तिथे घोटाभर खोल ओघळ तयार होतो. उभ्या डोंगरापेक्षा असा माळ सांभाळणे अवघड आहे, हे नव्या मुलांना पटायला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट वाटेच्या आडव्या उताराची. वाटेचा दरीकडचा काठ आतल्या काठापेक्षा किंचित खाली असावा लागतो. पाच टक्के पुरतात, म्हणजे मीटरभर रुंदीला पाच सेंटिमीटर. बांधताना ते सगळे जण करतात. पण सायकलींची चाके मधोमध जाऊन माती दाबतात, दाबलेली माती बाहेरच्या काठाशी साचून तिची वरवंडी तयार होते आणि पाण्याला बाहेर पडायला जागा उरत नाही. ही वरवंडी कापून माती पुन्हा वाटेवर ओढणे आणि ठरावीक अंतरावर पाणी बाहेर काढणारे उथळ अर्धगोल उतार करणे हे आमचे कार्तिकातले सगळ्यात मोठे आणि सगळ्यात कंटाळवाणे काम आहे. असा अर्धगोल उतार वाटेच्या कडेने तीनेक मीटर लांबीचा असतो, मध्यभागी बाहेरच्या बाजूला पंधरा टक्क्यांपर्यंत कललेला, आणि तो नीट झाला असेल तर त्यावरून जाणाऱ्या सायकलस्वाराला जाणवतसुद्धा नाही. आखूड, खोल नाली खणणे सोपे असते, पण ती एका पावसात पाल्याने आणि गाळाने बुजते, शिवाय पुढचे चाक तिच्यात अडकते.

पाणी नेमके कुठे घोटाळते हे दिवाळीत कळत नाही. ते आषाढात कळते. म्हणून जोराच्या पावसात आमच्यातले दोघेतिघे सायकली घरी ठेवून, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन पायी ट्रेल चालून येतात. त्या वेळी खणायचे नसते, कारण ओल्या मातीत फावडे घातले की दुरुस्तीपेक्षा चिखलच अधिक होतो. फक्त बघायचे, अडलेला पाला पायाने बाजूला करायचा आणि जिथे पाणी वाटेत शिरते तिथल्या दगडावर ऑइल पेंटचा ठिपका द्यायचा. पाऊस संपल्यावर या ठिपक्यांपासून काम सुरू होते. माझ्या मते वर्षभरातल्या सगळ्या श्रमदानात ही पावसातली फेरी सर्वांत मोलाची आहे, आणि तिच्यासाठी माणसे मिळणे सर्वांत कठीण.

आता बर्मकडे येतो. बर्मचे नुकसान तीन ठिकाणी होते. वळणात शिरण्यापूर्वी ब्रेक दाबल्यामुळे जमिनीवर आडव्या लाटा पडतात. आतल्या बाजूच्या खोलगट जागेत पाणी साचून बर्मचा पाया मऊ पडतो. आणि कठड्याच्या वरच्या थराची माती उन्हाळ्यात सुटून खाली घरंगळते. पहिल्याचे कारण बर्ममध्ये क्वचितच असते. वळणाआधी वेग जास्त येतो म्हणून ब्रेक लागतो, तेव्हा वरच्या अंगाला एखादा लहान चढ किंवा रोलर, म्हणजे चाके न उचलता ओलांडता येणारा गोल उंचवटा, घातला तर लाटा पडणेच कमी होते. दुसऱ्यावर उपाय म्हणजे पाणी बर्मपर्यंत येण्याआधीच बाहेर काढणे आणि तरीही जे येईल त्याच्यासाठी पायातून दगडांची मोरी सोडणे. तिसरे काम हाताचे आहे आणि ते थोडे तपशिलाने सांगण्यासारखे आहे.

घरंगळलेली माती फावड्याने उचलून पुन्हा कठड्यावर थापली की दिसायला बर्म नवा दिसतो, पण जुन्या, कडक झालेल्या पृष्ठभागावर नवी माती धरत नाही आणि महिनाभरात भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी ती सलग सुटून येते. म्हणून आधी जुना पृष्ठभाग कुदळीच्या टोकाने बोटभर खोल उकरायचा, त्यावर झारीने पाणी मारायचे आणि ते मुरेपर्यंत थांबायचे. नवी माती खालच्या खड्ड्यातून घ्यायची, वरच्या पालापाचोळ्याच्या काळपट थरातून घ्यायची नाही, कारण त्यातला पाला कुजून ती पुढे बसते. माती मुठीत घेऊन दाबावी. गोळा व्हायला हवा, पण अंगठ्याने दाबताच त्याचे दोन-तीन तुकडे व्हायला हवेत. गोळाच होत नसेल तर पाणी कमी आहे; तुकडे न होता बोटांना चिकटत असेल तर पाणी जास्त आहे आणि त्या दिवशी ते काम करू नये. अशी माती चार बोटे जाडीच्या थराने घालायची, प्रत्येक थर धुम्मसाने ठोकायचा आणि धुम्मसाचा आवाज बद्द येण्याचे थांबून टणक येऊ लागला की मगच पुढचा थर चढवायचा. शेवटी खोऱ्याच्या पाठीने पृष्ठभाग घोटून घ्यायचा आणि किमान आठवडाभर त्यावर कोणी चाक घालू नये म्हणून बोराटीची फांदी आडवी टाकायची. फांदी टाकली नाही तर दुसऱ्याच दिवशी कोणीतरी ‘फक्त एकदा बघतो’ म्हणून जाऊन येतोच.

हत्यारांविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतल्या सिएरा नॅशनल फॉरेस्टमधील माल्कम मॅक्लाउड नावाच्या रेंजरने १९०५ मध्ये एका बाजूला जाड दाते आणि दुसऱ्या बाजूला पाते असलेले एक अवजार वणव्याच्या कामासाठी तयार केले, आणि आज ट्रेल बांधणाऱ्यांमध्ये ते जगभर मॅक्लाउड याच नावाने चालते. ते मागवायला परवडत नाही, आणि मागवायची गरजही नाही. आमच्यातल्या एका फिटरने भंगारातला ट्रकचा कमानपाटा आणून एका लोहाराकडून त्याचे पाते करून घेतले, दुसऱ्या अंगाला दाते वेल्ड केले आणि सागाचा दांडा बसवला. आमचे दंताळे आणि खोरे एकत्र केले की जे होते तेच हे. वजनाला थोडे जड झाले आहे, पण मुरमाड जमिनीत ते वजन उपयोगीच पडते.

जंपच्या बाबतीत निगा म्हणजे मोजमाप. टेबलटॉपच्या चढाचा जो शेवटचा कडा, लिप, त्याच्या अलीकडची माती प्रत्येक सायकलच्या दाबाने थोडी थोडी खोल जाते. ती खोल गेली की वक्र अधिक उभा होतो, आणि जी जंप स्वाराला पूर्वी शांतपणे पुढे सोडत होती ती त्याचे मागचे चाक वर फेकू लागते. हा बदल इतका सावकाश होतो की नेहमी चालवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. नव्याने आलेला माणूस मात्र हँडलवरून पुढे पडतो. यासाठी प्रत्येक जंप पहिल्यांदा नीट जमून आली त्याच वेळी तिच्या वक्राचा प्लायवुडचा साचा कापून ठेवावा. आमचे साचे गावातल्या एका मामांच्या गोठ्यात टांगलेले असतात. हंगामाच्या सुरुवातीला साचा लिपवर ठेवायचा आणि खाली कुठे उजेड दिसतो ते पाहायचे. दोन बोटांहून जास्त फट असेल तर त्या दिवसापासून जंप बंद. उडीनंतर चाके टेकतात त्या उताराकडे, म्हणजे लँडिंगकडे, लोकांचे लक्ष कमी जाते, वास्तविक इजा तिथेच होतात. उडीचा मार्ग ज्या कोनात खाली येतो त्याच्याशी लँडिंगचा उतार जितका जुळता तितका धक्का कमी, आणि लँडिंगच्या पायथ्याशी पाणी साचून खड्डा पडला की उताराचा सगळा उपयोग वाया जातो.

लाकडाविषयी मी थोडा कठोर आहे. लॅडर ब्रिजची ही पद्धत मुख्यतः कॅनडातल्या व्हँकूव्हरजवळच्या नॉर्थ शोअरच्या डोंगरांत वाढली, जिथे ओलसर, मुळांनी भरलेली जमीन आणि पडलेली झाडे ओलांडण्यासाठी स्वारांनी सीडरच्या लाकडाचे पूल बांधायला सुरुवात केली. तिथे पाऊस काही कमी नसतो, म्हणून केवळ पावसाला दोष देऊन चालणार नाही. पण सीडरचे लाकूड मुळातच कुजायला चिवट आहे, हवा थंड आहे, आणि आपल्याकडे वाळवीचा जसा सुळसुळाट आहे तसा तिथे नाही. शिवाय १९९७ पासून तिथे स्वयंसेवकांची नोंदणीकृत संघटना निगेचे काम करते आहे, आणि इतके सगळे असूनही तिथल्या अनेक जुन्या लाकडी रचना काढून त्यांच्या जागी दगड आणि माती वापरण्याकडेच कल गेला आहे. आपण मात्र उद्यमबागेतल्या कारखान्यांतून पॅकिंगच्या पेट्यांच्या पाइनच्या फळ्या आणतो, खिळ्यांनी ठोकतो, आणि श्रावणात त्यावर शेवाळ धरले की आश्चर्य करतो. पाइन आमच्या मातीत एक पावसाळा जेमतेम काढतो.

लाकूड वापरायचेच असेल तर ते वखारीतून पावती घेऊन विकत आणलेले असावे, रानातले तोडलेले असता कामा नये. फळ्या प्रवासाच्या दिशेला आडव्या असाव्यात आणि दोन फळ्यांत बोटभर फट असावी, म्हणजे पाणी आणि चिखल खाली पडतो. खिळे चालत नाहीत, कारण चाकांच्या सततच्या हादऱ्याने ते वर येतात आणि वर आलेला खिळा ट्यूबपुरता थांबत नाही. स्क्रू आणि मुख्य जोडांना नायलॉक नटाचे, म्हणजे हादऱ्याने सैल न होणारे, बोल्ट वापरावेत. खांब मातीत कधीही पुरू नये. लाकूड जिथे माती सोडून हवेत येते त्या पट्ट्यात ते आधी कुजते आणि वाळवीही तिथूनच वर चढते, म्हणून खांबाखाली जांभ्याचा चिरा द्यावा. तपासणी वरून पाहून होत नाही. पुलाखाली वाकून स्क्रू-ड्रायव्हरचे टोक जोडाजवळ दाबून पाहावे. ते बोटाच्या पेराएवढे आत गेले तर वरची फळी कितीही चकचकीत दिसत असली तरी पूल त्याच दिवशी उतरवावा. घसरू नये म्हणून अनेक जण कोंबड्यांच्या खुराड्याची बारीक जाळी मारतात; ती वर्षभरात तुटते आणि तिची टोके पडलेल्याच्या गुडघ्यात शिरतात. त्यापेक्षा जाड पत्र्याची हिऱ्याच्या आकाराची विस्तारित जाळी बरी. महाग असली तरी वर्कशॉपच्या भंगारात तिचे तुकडे मिळतात.

दगडाच्या कामात आम्हाला गावाने शिकवले. खानापूर-चंदगडच्या पट्ट्यात शेताच्या हद्दीला चुना-सिमेंटाशिवाय रचलेले गडगे आजही उभे आहेत, आणि ते रचणारी माणसेही अजून आहेत. वर ज्या मामांचा उल्लेख केला, ते पहिल्यांदा आमचे काम पाहायला आले तेव्हा बराच वेळ गप्प उभे राहिले आणि मग म्हणाले, “पडायचंच हाय तर डांबरी रस्त्यावर पडा की, हितंवर कशाला आलासा?” पुढच्या खेपेला मात्र त्यांनी आमच्या ड्रॉपची दगडी भिंत हाताने हलवून दाखवली. आम्ही लांबट दगड भिंतीच्या तोंडाला आडवे लावले होते, म्हणजे बाहेरून भिंत सुंदर दिसत होती. “लांब दगूड आत घाला मामा, तोंड बघून लावू नकासा,” असे म्हणून त्यांनी वरचे दोन थर उतरवले. (आमच्याकडे मामा म्हणणाऱ्याला उलट मामा म्हणण्याची रीत आहे.) दगडाची लांबी डोंगराच्या आत गेली पाहिजे, प्रत्येक सांधा खालच्या दगडाच्या मधोमध आला पाहिजे, भिंत किंचित मागे कललेली हवी आणि फटीतल्या चिपा मागच्या अंगाने मारायला हव्यात, पुढून मारल्या तर त्या हादऱ्याने गळून पडतात. त्या ड्रॉपला त्यानंतर आम्ही फारसे काही केलेले नाही. जांभा पावसाळ्यात शेवाळतो खरा. पण तो सच्छिद्र आणि खडबडीत असल्यामुळे तारेच्या ब्रशने घासला की पुन्हा पकड देतो.

इथे एक सावधगिरी. आमच्याकडे दगडाखाली फुरसे आणि विंचू हमखास असतात. दगड हाताने उपटायचा नाही. पहारीने तरफ देऊन आपल्या बाजूची कड खाली टेकलेली ठेवून पलीकडची कड उचलायची, म्हणजे खाली जे असेल त्याला बाहेर पडायला वाट तुमच्या पायांकडे नसते. नवा माणूस आला की त्याला आधी हेच दाखवले जाते.

पडण्याच्या जागेची निगा ही फीचरच्या निगेइतकीच महत्त्वाची आहे. वळणाच्या बाहेर आणि जंपच्या दोन्ही अंगांना घाणेरी आणि रानमोडी माजते. कोयत्याने तिरका घाव घालून ती छाटली की जमिनीतून वीतभर उंचीचे सुळे वर राहतात, आणि पडणाऱ्यासाठी ते झुडपापेक्षा भयंकर असतात. मुळासकट उपटावे, उपटत नसेल तर जमिनीच्या खाली कापून वर माती ओढावी. पावसानंतर जमीन मऊ असते तेव्हा हे काम एका सकाळी होते; माघापर्यंत थांबले तर त्याच कामाला चौपट वेळ लागतो.

फीचर उतरवण्याविषयी सुरुवातीला लिहिले, त्याचे दुसरे कारण गावातली मुले आहेत. आमच्यापैकी प्रत्येकाकडे हेल्मेट, डिस्क ब्रेक आणि सस्पेन्शन असते. शाळेतून परत येणारी मुले मात्र सरकारकडून मिळालेल्या किंवा वडिलांच्या जुन्या सायकलींवर, कित्येकदा एकाच ब्रेकवर आणि कॅरिअरला दुसरा मुलगा बसवून याच वाटेने जातात. वाट त्यांची आहे, आम्ही नंतर आलो. म्हणून जे फीचर नादुरुस्त आहे त्याच्यापुढे नुसती रिबीन बांधणे हा निष्काळजीपणा आहे, कारण रिबीन वाऱ्याने जाते आणि मुलांना ती आमंत्रणासारखी वाटते. जंप बंद करायची तर तिची लिप फावड्याने कापून चढ गोल करावा, म्हणजे ती रोलर होऊन बसते. पूल बंद करायचा तर दोन्ही टोकांच्या फळ्या काढून घ्याव्यात. तसेच प्रत्येक फीचरला बाजूने जाणारी साधी वाट असावी आणि ती फीचरच्या आधी दिसावी, आणि ट्रेलच्या तोंडाशीच एक छोटासा पण अवघड दगडी टप्पा ठेवावा, जो पार करता आला नाही तर पुढचे आपल्या आवाक्यातले नाही हे स्वाराला तिथेच समजेल. हा शेवटचा उपाय जगभर वापरतात आणि माझ्या अनुभवात पाटीपेक्षा तो अधिक चालतो.

परवानगीचा विषय दोन परिच्छेदांत संपणारा नाही, पण टाळताही येत नाही. गायरानासाठी आम्ही ग्रामपंचायतीला कन्नडमध्ये अर्ज दिला, खासगी माळाच्या मालकाशी मराठीत बोललो आणि वनखात्याच्या हद्दीच्या दगडांपासून लांब राहिलो. पश्चिमेच्या रानांत भीमगड अभयारण्य आहे, जे २०११ मध्ये जाहीर झाले. त्या भागात किंवा राखीव जंगलात फावडे घेऊन जाण्याचा विचारसुद्धा कोणी करू नये. वैजनाथ आणि महिपाळगडाच्या बाजूला तर डोंगराच्या एका अंगाला कर्नाटक आणि दुसऱ्या अंगाला महाराष्ट्र आहे, त्यामुळे पाचशे मीटरच्या वाटेसाठी दोन राज्यांची कचेरी गाठावी लागू शकते. गव्यांचे कळप आता गावाच्या शेतांपर्यंत येतात, म्हणून दिवस मावळल्यावर कामही नाही आणि सायकलही नाही, हा नियम गावाने घातला आणि तो योग्यच आहे.

तक्रार करायचीच तर एका गोष्टीची करीन. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका आयोजकाने आम्हाला न विचारता भर आषाढात या ट्रेलवर शर्यत घेतली. तांबडी माती ओली असताना टायरला चिकटते, पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये भरते आणि चाक फिरेनासे होते. मग स्वार सायकल ढकलत कडेने चालतो आणि मीटरभराची वाट तीन मीटरची होते. एका सकाळच्या शर्यतीने जे चर पडले ते बुजवायला आमचा सगळा हिवाळा गेला. टायरला माती चिकटून वर येत असेल तर परत फिरावे, एवढा एकच नियम आम्ही तेव्हापासून ट्रेलच्या तोंडाशी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत रंगवून ठेवला आहे. राजहंसगडाचा डांबरी चढ पावसातही मोकळा असतो. ज्याला आषाढात पाय चालवायचे आहेत त्याने तिकडे जावे.

यंदाच्या हंगामात शेवटचा लाकडी पूल उतरवून तिथे जांभ्याची फरशी आणि खाली मोरी करायची आहे. मधला टेबलटॉप साच्याला जुळत नाही, तो ठेवायचा की रोलर करायचा हे पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून ठरवू. माझे मत रोलरच्या बाजूने आहे, आमच्यातल्या तरुण मुलांचे अर्थातच नाही. काम दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी सातला सुरू होईल आणि भातकापणी सुरू झाल्यावर थांबेल, कारण त्या दिवसांत गावातल्या कोणालाही आमच्यासाठी वेळ नसतो आणि वाटेवरून भाताचे भारे जात असतात. येणाऱ्यांनी जाड तळव्याचे बूट, हातमोजे आणि पाण्याची बाटली आणावी. खोरी, पहारी आणि बुट्ट्या आमच्याकडे पुरेशा आहेत. धुम्मस मात्र एकच आहे, कोणाकडे असेल तर घेऊन यावे.